घरात मांजरी असताना कुत्र्याच्या गोचिडींवर कोणतं औषध?

प्रश्न इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: घर जुनं, लाकडी तुळयांचं. पाच वर्षांचा, २८ किलो वजनाचा लॅब्रॅडोर शेरू आणि दोन मांजरी. पाऊस सुरू झाल्यापासून शेरूच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी सापडतायत, मांजरी दिवसभर खाजवतायत. दूधवाल्या भैयांनी गुरांना लावायच्या औषधाची बाटली आणून दिली, "किलनी (गोचिडी) एका दिवसात साफ" म्हणाले. दुकानदाराने मानेवर सोडायची मोठी ट्यूब दिली, तिघांना पुरेल असं सांगून. गोळी द्यावी तर गोळीने फिट येतात असं कानावर आलंय, आणि शेरूला दीड वर्षाचा असताना एकदा फिट आलीही होती. यातलं सुरक्षित काय?

ताई, आधी दोन कामं करा. दूधवाल्यांची बाटली उघडू नका, आणि दुकानातली ट्यूब मांजरींना लावू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

ट्यूबपासून सुरुवात करते. खोक्यावर कुत्र्याचं चित्र आणि कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं. आपल्या कामाची ओळ मात्र अगदी बारीक छापलेली असते, ती म्हणजे घटक. त्या ओळीत परमेथ्रिन असेल, तर ते औषध कुत्र्याला चालतं आणि मांजराला मारतं. यात अतिशयोक्ती नाही. कुत्र्याचं यकृत परमेथ्रिन मोडून शरीराबाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्या कामाची रासायनिक यंत्रणा फार दुबळी असते, म्हणून औषध अंगात साठत जातं आणि मज्जासंस्थेवर चढतं. आधी कान आणि मिशा फडफडायला लागतात, पंजे झटकले जातात, मग सगळं अंग थरथरतं, ताप चढतो आणि झटके सुरू होतात. हे काही तासांत दिसतं, क्वचित दुसऱ्या दिवशी.

राजेंद्र नगरातलं एक कुटुंब काही वर्षांपूर्वी रात्री अकरा वाजता माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात आलं होतं. टॉवेलमध्ये गुंडाळलेली मांजर इतकी थरथरत होती की टॉवेल हलताना दिसत होता. कुत्र्याला लावून ट्यूबमध्ये उरलेले चार थेंब "वाया कशाला घालवायचे" म्हणून तिला लावले होते. आम्ही तिला कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या द्रव साबणाने धुतलं, झटके थांबवायची औषधं दिली, सलाइन लावलं. दोन रात्री गेल्या, तिसऱ्या दिवशी तिने मासा खाल्ला. ती वाचली ते घरच्यांनी तासाभरात आणल्यामुळे. सकाळपर्यंत वाट बघितलेल्या मांजरीही मी पाहिल्या आहेत, त्या सगळ्या वाचल्या नाहीत. तेव्हा असं कधी झालंच तर दूध, तूप, तेल काही पाजू नका. कोमट पाणी आणि साबणाने लावलेली जागा धुवा (गरम पाणी नको, त्याने त्वचेतून जास्त शोषलं जातं), कोरडं करून गुंडाळा आणि खोकं बरोबर घेऊन डॉक्टर गाठा.

अजून एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. मांजराला लावलं नाही तरी घरातल्या कुत्र्याला लावलेलं असतं, आणि मांजर त्याच्या पाठीला पाठ लावून झोपतं, त्याचं अंग चाटतं. तुमच्याकडे तिघे एकाच गादीवर झोपत असतील तर परमेथ्रिन तुमच्या घरात नकोच. शेरूलाही नको.

आता दूधवाल्यांची बाटली. त्यांचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. त्यांच्या म्हशींना ते औषध लागू पडतंच. अशा बाटल्यांत बहुतेक वेळा १२.५ टक्के अमिट्राझ असतं किंवा १.२५ टक्के डेल्टामेथ्रिन. गुरांसाठी दोन्ही साधारण २ मिली एका लिटर पाण्यात मिसळायचं असतं. २ मिली म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्म्याहूनही कमी. घरात मात्र टोपण भरून मोजलं जातं, किंवा "गोचिडी जास्त आहेत म्हणून जरा कडक" केलं जातं. अमिट्राझ कुत्र्यांसाठी मुळात वर्ज्य नाही, खरजेसाठी आम्ही स्वतः ते मोजून, पातळ करून वापरत आलो आहोत. पण जास्त झालं की कुत्रा गुंगतो, नाडी मंदावते, अंग थंड पडतं, रक्तातली साखर चढते. मधुमेही कुत्र्याला, अगदी लहान चणीच्या जातींना आणि मांजरांना ते लावूच नये. एक पग माझ्याकडे असाच आला होता. घरचे म्हणत होते, अंघोळीनंतर छान झोपलाय. तो झोपला नव्हता, बेशुद्धीकडे चालला होता. अमिट्राझवर उतारा आहे, तो वेळेत मिळाला म्हणून तो उठला. डेल्टामेथ्रिन परमेथ्रिनच्याच कुळातलं, त्यामुळे मांजरांच्या बाबतीत वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू. घरात माशांची टाकी असेल तर हे कूळ माशांनाही घातक आहे.

दुकानात उभं राहून करता येईल अशी एक परीक्षा सांगते. आपल्याकडे शेतीच्या आणि घरगुती कीटकनाशकांच्या लेबलवर एक तिरका ठेवलेला चौकोन छापणं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांनी बंधनकारक आहे. त्याच्या एका अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल सर्वात विषारी, हिरवा सर्वात कमी. हा चौकोन दिसला की रंग कोणताही असो, ते औषध तुमच्या प्राण्याच्या अंगावर जाण्यासाठी बनलेलं नाही. जनावरांच्या औषधावर "केवळ प्राण्यांच्या उपचारासाठी" अशा अर्थाची ओळ असते. तीही पुरेशी नाही, कारण म्हैसही प्राणीच आहे. कोणत्या प्राण्यासाठी, किती वजनासाठी आणि किती वयापुढे, या तिन्ही गोष्टी खोक्यावर सापडल्या पाहिजेत. दवाबाजारातून, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारातून, स्वस्तात सुट्ट्या आणलेल्या ट्यूबवर यातलं काहीच नसतं, म्हणून खोक्याशिवाय औषध घेऊ नका.

गोळीकडे येते. या गोळ्यांतले घटक म्हणजे फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर. चारही एकाच गटातले. फ्लुरालानर साधारण बारा आठवडे टिकतं, बाकीची महिन्याला द्यावी लागतात. औषध रक्तात जातं, गोचीड किंवा पिसू चावली की मरते. फिटबद्दल तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये या सगळ्या गटाबद्दल इशारा दिला होता, की काही कुत्र्यामांजरांत थरथर, तोल जाणं आणि झटके दिसले आहेत, आणि त्यातल्या काहींना आधी कधीच फिट आलेली नव्हती. त्याच वेळी बहुतांश जनावरांसाठी ही औषधं सुरक्षित आणि परिणामकारक आहेत असंही त्यांनी म्हटलं, आणि ती बाजारातून काढली नाहीत. माझा स्वतःचा अनुभवही तोच आहे.

खरं सांगायचं तर कुत्रा आणि मांजर एकत्र राहतात त्या घरात, कुत्रा निरोगी असेल, तर मी पहिल्यांदा गोळीच सुचवते. कारण साधं आहे: औषध कुत्र्याच्या पोटात असतं, केसांवर नसतं, त्यामुळे चाटणाऱ्या मांजरीपर्यंत ते पोचतच नाही. पण गोळी आठवणीने जेवणाबरोबर द्यावी लागते, आणि मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोन लहान कुत्र्यांत वाटायची नसते. औषध गोळीभर सारखं पसरलेलं असेलच असं नाही, एकाला जास्त जातं आणि एकाला काहीच नाही.

शेरूला मात्र मी ही गोळी देणार नाही. एकदाच आलेली फिट म्हणजे अपस्मारच असं नव्हे. दीड वर्षाच्या वयात ताप, विषबाधा, गोचीड ताप, कशानेही आली असेल. पण ती का आली हे माहीत नाही तोवर, दुसरा चांगला पर्याय हाताशी असताना, धोका का पत्करायचा? तुमच्या डॉक्टरांकडे त्या वेळच्या रक्ततपासणीचे कागद असतील तर ते जरूर दाखवा.

मग शेरूला काय? फिप्रोनिल. हा घटक कुत्र्यांसाठी आणि मांजरांसाठी, दोघांसाठीही वापरला जातो, म्हणजे शेरूच्या अंगावरून थोडं मांजरीला लागलं तरी परमेथ्रिनसारखा अनर्थ होत नाही. ते रक्तात फार थोडं जातं. त्वचेच्या तेलात मिसळून अंगभर पसरतं, तेलग्रंथींत साठतं आणि तिथून हळूहळू बाहेर येत राहतं. म्हणूनच लावायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको, आणि दर आठवड्याला शांपूही नको. तेलच धुऊन काढलं तर औषध राहणार कुठे?

२८ किलोच्या शेरूला २० ते ४० किलोंसाठीची ट्यूब, २.६८ मिलीची. मानेच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, केस दुभागून थेट कातडीवर सोडा. केसांवर सोडलेलं औषध गादीला लागतं, गोचिडीला नाही. रात्री लावा आणि त्या रात्री त्याला मांजरींपासून वेगळ्या खोलीत झोपवा. मरायला गोचिडी दोन दिवस घेतात, दुसऱ्या दिवशी चालताना दिसल्या म्हणून परत लावू नका. दर महिन्याला, थंडीतही. आपल्या माळव्यात थंडी असते, पण घरातल्या उबेत गोचिडींचा संसार थांबत नाही.

फिप्रोनिलचा फवाराही मिळतो, ०.२५ टक्क्यांचा. इथे सगळ्यांचं गणित चुकतं. दर किलो वजनाला ३ ते ६ मिली लागतं. म्हणजे शेरूला कमीत कमी ८४ मिली, १०० मिलीची जवळजवळ अख्खी बाटली. लोक पाच-सहा वेळा फुसफुस करतात आणि "औषध लागू पडत नाही" म्हणत दुसरं, त्याहून जहाल काहीतरी शोधायला निघतात. माझ्याकडे आलेल्या विषबाधांपैकी बऱ्याच अशा कमी पडलेल्या पहिल्या औषधातून सुरू झालेल्या असतात. फवाऱ्यात अल्कोहोल असतं, त्यामुळे गॅस, देवाजवळचा दिवा, उदबत्ती यांपासून दूर, गच्चीवर किंवा अंगणात फवारा आणि पूर्ण वाळू द्या. दोन दिवसांच्या पिल्लालाही हा फवारा चालतो, ट्यूब मात्र आठ आठवड्यांनंतरच. आणि घरात किंवा शेजारी मुलांचा ससा असेल तर तो शेरूपासून लांब. सशाला फिप्रोनिल जीवघेणं आहे.

तीन महिने नीट लावूनही गोचिडी राहिल्या तर फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिडचा गळ्यात घालायचा पट्टा बघू. तो सात-आठ महिने टिकतो आणि फ्लुमेथ्रिन परमेथ्रिनच्याच कुळातलं असूनही मांजरांसाठी त्याचा वेगळा पट्टा येतो, कारण त्यातून औषध अगदी थोडं थोडं सुटतं. पण तुमच्या मांजरी शेरूचा पट्टा चावतात का, हे आधी मला कळायला हवं. पट्टा आणि ट्यूब दोन्ही एकदम नकोत.

मांजरींना मांजरींचीच औषधं: फिप्रोनिलची ०.५ मिलीची ट्यूब किंवा सेलामेक्टिन. पिसवांसाठी दोन्ही चांगली. एकमेकींना चाटतात म्हणून वाळेपर्यंत दोघींना वेगळं ठेवा. पिसवाच आहेत की नाही याची खात्री करायची तर अंगावरचे काळे कण ओल्या कापसावर चोळा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही हलताना दिसलं तर पट्टकृमी आहेत. मांजर अंग चाटताना पिसू गिळते, तिच्यातून ते येतात, म्हणून जंताचं औषधही त्याच आठवड्यात.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात, कारण मला ते रोज ऐकावे लागतात आणि रोज वाईट वाटतं. रॉकेलने कातडी भाजते. फिनाइलने मांजर मरते. तमाखूच्या पाण्यात निकोटिन असतं. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, माणसाच्याही. कापूर, निलगिरी आणि टी ट्रीचं तेल मांजरांना नको. लसूण खाऊ घातल्याने गोचीड जात नाही, तांबड्या रक्तपेशी मात्र फुटतात. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने कुत्र्याला अंघोळ घाला, हरकत नाही, पण त्याला उपचार समजू नका, आणि निंबाचं तेल मांजरीला लावू नका. झुरळांच्या खडूच्या रेघा शेरूच्या बिछान्याभोवती ओढू नका.

आता तुमच्या घराबद्दल, कारण निम्मी लढाई तिथे आहे. शेरूच्या अंगावरची ही तपकिरी गोचीड घरात राहायला शिकलेली आहे. तिच्या आयुष्यात तीन जेवणं असतात: अंड्यातून निघालेला डिंभ, मग पिल्लू, मग प्रौढ, आणि प्रत्येक जेवणानंतर ती कुत्र्यावरून उतरते. रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टरारलेली मादी उतरते ती भिंत चढते. दाराच्या चौकटी, तसबिरींच्या मागची जागा, तुळयांच्या फटी, खाटेचे सांधे. तिथे ती एकदाच हजारो, चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. उपाशी प्रौढ गोचीड अशा फटीत वर्षभरही तग धरते. म्हणून संध्याकाळी विजेरी घेऊन खाली नको, वर बघा. फटी चुन्याने किंवा पुट्टीने बुजवा. शेरूचा बिछाना भिंतीपासून हातभर दूर सरकवा.

पिसवांचं उलट. त्यांची अंडी अंगावरून गळून खाली पडतात, सतरंजीत, सोफ्याच्या कडांत, फरशीच्या सांध्यांत. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण वस्तीचा लहानसा भाग. त्यांचे कोष कित्येक महिने गप्प पडून राहतात आणि ऊब किंवा पावलांचा हादरा जाणवला की उघडतात. दिवाळीत महिनाभर पुण्याला जाऊन आल्यावर कुलूप उघडताच पायाला पिसवा चावतात, त्या आयत्या वेळी आलेल्या नसतात, तुमची वाट बघत असतात. अंथरुणं दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, व्हॅक्युम फिरवून त्याची पिशवी लगेच घराबाहेर टाका. तीन महिने. मधे थांबलात तर पहिल्यापासून. पेस्ट कंट्रोल करून घ्यायचं असेल तर फवारणाऱ्याला आधीच सांगा की घरात मांजरी आहेत, आणि घटकाचं नाव लिहून घ्या. फरशी पूर्ण वाळून हवा खेळती होईपर्यंत मांजरी दुसऱ्याच्या घरी.

गोचीड काढताना चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ ओढा. काडेपेटीने चटका देऊ नका, नखाने चिरडू नका. हातमोजे घाला आणि काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये टाका. हीच तपकिरी गोचीड भारतात माणसांना टिक टायफस नावाचा ताप देऊ शकते.

एक चूक माझीही सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत गोचिडींवर सर्रास आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं जायचं, मीही द्यायचे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना कोली जातीच्या कुत्र्याला ते सोसत नाही हे वाचलेलं होतं, पण समोर आलेला कुत्रा कोली-मिश्र आहे का, हे मी विचारलं नाही. तो चार दिवस बेशुद्ध होता. २००१ मध्ये त्यामागचं कारण सापडलं: या जातींच्या एका जनुकात दोष असतो, त्यामुळे औषध मेंदूत शिरतं. तो वाचला, पण तेव्हापासून मी गोचिडींसाठी ते इंजेक्शन दिलेलं नाही. शिवाय तपकिरी गोचिडींवर त्याचा भरवसाही नाही. कोणी "एक सुई, महिनाभर निश्चिंत" म्हणालं तर शेरूला घेऊन उठा.

शेरूकडे पुढचे तीन-चार आठवडे लक्ष ठेवा. गोचीड चावल्यापासून काही तासांतच एर्लिकियाचे जंतू अंगात सोडू शकते, म्हणजे आजच्या औषधाने आधीच झालेली लागण थांबत नाही. जेवण सोडलं, अंग तापलं, वरचा ओठ उचलून बघितल्यावर हिरड्या फिकट पांढऱ्या दिसल्या, पोटावर लाल ठिपके आले, नाकातून रक्त आलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. रक्ताची तपासणी त्याच दिवशी. लघवी गडद असेल तर बेबेसिया (गोचिडीतूनच येणारा, तांबड्या पेशी फोडणारा परजीवी), नाकातून रक्त असेल तर एर्लिकिया आम्ही आधी शोधतो. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन पुरे २८ दिवस द्यावं लागतं, आठवड्यात बरं वाटलं तरी.

डॉक्टरांकडे जाताना तिघांची वजनं लिहून न्या (मांजरींची घरच्या काट्यावर करायची तर तिला कडेवर घेऊन उभ्या राहा आणि मग तुमचं वजन वजा करा), आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या औषधांची खोकी न्या, आणि शेरूची फिट किती मिनिटं टिकली होती, त्या आठवड्यात त्याने काय खाल्लं होतं, घरात कशाची फवारणी झाली होती का, हे आठवेल तेवढं कागदावर उतरवून ठेवा. दूधवाल्यांची बाटली त्यांना परत द्या, आणि त्यांच्या घरी मांजर असेल तर त्यांनाही हे सांगा.